सायरन वाजल्यावर कोण येतं

लबीबने इकडेतिकडे पाहिलं, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ आणलं आणि स्वतःच्याच गाडीच्या मागच्या चाकाला लाथ घातली.

गाडी किंचाळायला लागली. तिला पाच सूर होते. आधी लांबलचक हेल, मग तुटक भुंकणं, मग रुग्णवाहिकेसारखं वरखाली, आणि शेवटचे दोन असे की ऐकणाऱ्याने आपल्या हातून काय पाप घडलं याचा विचार करत बसावं. लबीब सावकाश रस्ता ओलांडून उसाच्या रसाच्या दुकानापाशी गेला आणि एक ग्लास मागवून गिऱ्हाइकासारखा उभा राहिला. रसवाल्याने मान वर केली नाही. पेरूच्या हातगाडीपाशी घासाघीस करणाऱ्या दोन बायकांनी फक्त आवाज चढवला. इस्त्रीवाल्याने रेडिओ मोठा केला. गाडीच्या टपावर ऊन खात पडलेली एक मांजर तेवढी उठली आणि शेजारच्या गाडीच्या टपावर जाऊन पडली.

एक्केचाळीस सेकंदांनी गाडी आपणहून गप्प झाली. लबीबने खिशातून वही काढून लिहिलं: चाचणी सातवी. मंगळवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. कोणी पाहिलं? मांजर. कोण आलं? कोणी नाही.

'कोणी नाही' या शब्दांखाली त्याने रेघ मारली. पहिल्या चार चाचण्यांना गल्लीतल्या गाड्या सांभाळणारा अम्म खलफ, म्हणजे खलफकाका, धावत आला होता. पाचवीपासून तो येईनासा झाला. आत्ताही तो वीस पावलांवर आपल्या लाकडी खुर्चीत बसून चहा पीत होता, आणि त्याची नजर गाडीकडे नव्हती. तो सरळ लबीबकडे पाहत होता.

लबीबने त्याला हात केला. खलफनेही हात वर केला आणि पुन्हा चहाचा घोट घेतला.

वजनमापे खात्यात तेहतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाला घरी बसवलं तर तो काय करणार? लबीबने निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत पाववाल्याचे पाव तोलून पाहिले, घरावरच्या टाकीत रोज किती पाणी चढतं ते मोजलं, आणि इमारतीची लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचायला उन्हाळ्यात जास्त वेळ घेते हे सप्रमाण सिद्ध केलं. यातल्या कशाचाही कोणाला उपयोग झाला नाही. अतियात, त्याची बायको, म्हणायची की खातं सुटलं पण खोड सुटली नाही. ती हे रागाने म्हणायची नाही. कोणी काही छातीठोकपणे सांगितलं की ते खरंच तेवढं भरतं का हे पाहिल्याशिवाय याला अन्न गोड लागत नाही, हे तिला लग्नाच्या पहिल्या महिन्यात कळलं होतं.

सायरनचंही तसंच झालं. गाडी बँकेच्या कर्जावर घेतलेली, त्यामुळे पूर्ण विमा उतरवणं भागच होतं. यंदाच्या नूतनीकरणाच्या वेळी विम्याच्या एजंटने सांगितलं, चोरीपासून बचावासाठी कंपनीच्या यादीतला सायरन बसवा, हप्त्यात चांगली सवलत मिळेल. लबीबने तिथल्या तिथे आकडेमोड केली. तीन वर्षांत सायरनचे पैसे वसूल होत होते. दुसरा कोणी एवढ्यावर सही करून मोकळा झाला असता. लबीबने चष्मा पुसला आणि विचारलं, हा वाजतो हे ठीक, पण वाजल्यावर कोण येतं?

एजंट हसला. पंधरा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नाही, म्हणाला.

झालं. प्रश्न डोक्यात शिरला तो शिरलाच. लबीबने त्याच दिवशी सायरन बसवून घेतला, येताना चौकटीची वही आणली, आणि कैरोतल्या मनियल भागात आपल्या गल्लीत आठवड्यातून दोन-तीनदा, वेगवेगळ्या वेळी, आपली गाडी आपणच चोरायला आल्यासारखा वागू लागला.

विम्याच्या कागदावर बारीक अक्षरात सवलतीच्या दोन अटी होत्या. उभ्या गाडीचा हँडब्रेक ओढलेला हवा. गाडीची चावी मालकाखेरीज कोणाकडे असता कामा नये.

आता ज्यांनी कधी कैरोत गाडी उभी केली आहे त्यांना सांगायला नको की या दोन अटी लिहिणारा माणूस कुठल्या तरी भल्या रुंद रस्त्यांच्या शहरात राहत असणार. मनियलच्या त्या गल्लीत घरं होती बेचाळीस आणि गाड्या साठाच्या वर. एक रांग फुटपाथला चिकटून, दुसरी रांग तिला चिकटून, आणि मधून एकच गाडी जाईल एवढी वाट. आतल्या गाडीला निघायचं तर बाहेरची हलायला हवी. म्हणून बाहेरच्या रांगेत गाडी लावणारा माणूस ती न्यूट्रलमध्ये ठेवतो, हँडब्रेक सोडतो, आणि निघून जातो. पुढचं साईस, म्हणजे गल्लीतल्या गाड्या सरकवणारा माणूस, पाहतो. तो येतो, डिकीला तळवे लावतो, गाडी दोन हात पुढे किंवा मागे सरकवतो, आतल्याला वाट करून देतो आणि परत जागेवर आणतो. हे सगळं दिवसातून शंभरदा होतं आणि कोणाला त्यात काही विशेष वाटत नाही.

अम्म खलफ बावीस वर्षं या गल्लीचा साईस होता. दक्षिणेतल्या सोहागकडचा, साठीचा, पायघोळ जल्लाबियाच्या खिशात दहा-बारा घरांच्या गाड्यांच्या चाव्या. लबीबची गाडी तो मुद्दाम बाहेरच्या रांगेत, गल्लीच्या अगदी तोंडाशी ठेवायचा. ती लहान आणि हलकी. नुसता हात लावला की चालते, म्हणायचा, हे गल्लीचं दार आहे. ही सरकली की मागच्या सात गाड्या सुटतात.

लबीबने जन्मभर लोकांना छापील नियम पाळायला लावले होते. त्याने अटी वाचल्या आणि हँडब्रेक ओढला. मग खाली जाऊन खलफकडे आपली चावी परत मागितली. खलफने खिशातला जुडगा काढला, दोरीची गाठ सोडली, चावी जल्लाबियाच्या टोकाला पुसली आणि लबीबच्या हातावर ठेवली. काय झालं, का हवी, असं काहीच त्याने विचारलं नाही. लबीब विम्याचा कागद वाचत होता, त्यामुळे त्याचा चेहरा त्याने पाहिला नाही.

"कोण आलं?" अतियातने विचारलं. ती बाल्कनीत मांडीवर परात घेऊन मलुखियाची पानं खुडत होती.

"कोणी नाही."

"खलफपण नाही?"

"तेच तर कळत नाही. चार वेळा आला. मग अचानक बंद. कानाने कमी ऐकू येतं म्हणावं तर तो कोपऱ्यावरच्या गाडीचा ब्रेक ऐकून मालकाचं नाव सांगतो."

"मग विचार की त्याला."

"विचारलं तर तो सावध होईल. दुकानदाराला आधी कळवून कोणी तराजू तपासायला जातं का?"

अतियातचे हात थांबले. "तू सायरन तपासतोयस ना, लबीब?"

"म्हणजे काय, सायरनच."

तिने पुन्हा पानं खुडायला घेतली. मग तिने त्याला एक गोष्ट सांगितली. त्याच्या वहीत ती नव्हती, कारण ती घडली तेव्हा लबीब पावाच्या रांगेत उभा होता. दातांचे डॉक्टर नशअत मंगळवारी आणि शनिवारी सकाळी दवाखान्यात जात, तसे आज साडेसातला निघाले. त्यांची गाडी आतल्या रांगेत. दाराशी लबीबची गाडी, हँडब्रेक ओढलेली, जागची हलेना. खलफने मागच्या सहा गाड्या एकेक करून मागे ढकलल्या, तिकडच्या टोकाने वाट काढली, आणि डॉक्टर चाळीस मिनिटांनी सुटले. हे गेल्या तीन आठवड्यांत चौथ्यांदा. डॉक्टर ओरडले, पण लबीबच्या घरावर नाही. खलफवर ओरडले. म्हातारा झालास, तुझ्याने गाड्या हलत नाहीत, म्हणाले. शनिवारी पुन्हा अडकलो तर दुसरा साईस आणतो, माझ्या पाहण्यात आहे एक, असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले.

"खलफ काय म्हणाला?"

"काही नाही. हँडब्रेक ओढलाय एवढं म्हटलं असतं तरी सुटला असता. तुझं नाव घेतलं नाही त्याने." तिने परात बाजूला ठेवली. "हे तुझ्या कुठल्या रकान्यात येतं?"

लबीबला वाईट वाटलं. बावीस वर्षं गल्ली सांभाळणारा माणूस आपल्या ब्रेकच्या एका दांडीपायी इथून जाईल, हे त्याला अजिबात नको होतं. मी बोलतो डॉक्टरांशी, असं तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. पण खरं सांगायचं तर त्या वाईट वाटण्याच्या खाली दुसरं काहीतरी वळवळत होतं आणि त्याची त्याला लाजही वाटत होती. खलफ यायचा का थांबला? आणि खरा चोर आला तर तो येईल का?

"एकच चाचणी राहिलीय," तो म्हणाला. "मग बंद."

झकरिया गुरुवारी दुपारी तंता शहरातून आला. खात्यातला जुना सहकारी, पेन्शनच्या कागदांसाठी कैरोला खेपा घालणारा. मनियलला तो कधी आला नव्हता, त्यामुळे गल्लीत त्याला कोणी ओळखत नव्हतं. बाकी चोर म्हणून त्याच्याइतका अयोग्य माणूस अख्ख्या इजिप्तमध्ये सापडला नसता. वजन एकशे दहा किलो, आणि दम्याचा पंप शर्टाच्या खिशात. जेवणावर आडवा हात मारून झाल्यावर लबीबने त्याच्यापुढे योजना मांडली, तेव्हा त्याने दोनदा विचारलं की हे कायद्यात बसतं का.

"माझीच गाडी, मीच सांगतोय," लबीब म्हणाला. "रिमोट मी देणार नाही, फक्त चावी. दार उघडलंस की सायरन वाजेल, अन् रिमोटशिवाय थांबणार नाही. तू बसायचं, चालू करायची, नाईलकाठी कॉर्निशला एक फेरी मारून यायचं."

"अन् लोकांनी मारलं तर?"

"कोणी वळूनही बघत नाही. सात चाचण्या झाल्यात."

"आठवीत बघतील," झकरिया म्हणाला, आणि उरलेलं टरबूज संपवून उठला.

चार वाजले होते. गल्ली भरलेली होती. शाळा सुटून पोरं आलेली, रसवाल्याकडे गर्दी, इस्त्रीवाला दारात उभा. लबीब बाल्कनीत वही उघडून तयार होता. झकरिया खाली पोचला, गाडीपाशी थांबला, आणि आता करू का, अशा अर्थाने त्याने मान वर करून बाल्कनीकडे पाहिलं. लबीबने घाईघाईने मान आत घेतली.

दार उघडलं. सायरन सुरू झाला. झकरिया स्वतःच इतका दचकला की चावी त्याच्या हातातून पडली आणि ती शोधायला तो धापा टाकत खाली वाकला. पहिला सूर संपून दुसरा लागला तरी चावी सापडेना. रसवाल्याने पाहिलं नाही. पोरांनी पाहिलं नाही. अखेर झकरिया आत बसला, इंजिन सुरू झालं, गाडीने जोर केला आणि जागच्या जागी कण्हली. हँडब्रेक ओढलेला होता.

तेव्हा खलफ उठला.

लबीब रेलिंगवर ओणवा झाला. आला, पुटपुटला तो, आणि त्याचा त्याला इतका आनंद झाला की सेकंद पाहायचे राहून गेले. खलफ गुडघा धरून गाडीपाशी आला. त्याने खिडकीच्या काचेवर बोटाने टकटक केली आणि झकरियाला बोट दाखवून सांगितलं, हँडब्रेक. मग पुढच्या गाडीला कंबर लावून ती दोन हात पुढे ढकलली. मग रस्त्याच्या मध्ये उभा राहून त्याने हात हलवायला सुरुवात केली. ये, ये, मोड, अजून मोड, बस, सरळ कर. गाडी किंचाळत, थरथरत बाहेर निघाली. खलफने डिकीवर दोन थापा मारल्या, म्हणजे जा आता, आणि झकरिया सायरनसकट कोपऱ्यावरून दिसेनासा झाला.

खलफ परत येऊन खुर्चीत बसला.

तीन आठवडे लबीब हेच मोजायला बसला होता आणि आता उत्तर हातात आल्यावर खलफ उठलाच नसता तर बरं झालं असतं असं त्याला वाटत होतं. या माणसाच्या खिशात त्याची चावी कित्येक वर्षं होती. अतियात आजारी असताना मध्यरात्री हाच माणूस गाडी काढून दारात उभा राहिला होता. आणि आज एका अनोळखी माणसाने भर दुपारी गाडी नेली, तर याने त्याला वाट करून दिली, शिवाय हँडब्रेक कुठे आहे ते दाखवलं. त्याने वहीत काही लिहिलं नाही. वही तशीच हातात धरून तो जिना उतरला.

"बसा, उस्ताज," खलफ म्हणाला आणि फळांचं रिकामं खोकं पायाने पुढे सरकवलं.

लबीब बसला नाही. "माझी गाडी गेली."

"येईल. कॉर्निशला या वेळेला गर्दी असते. वीस मिनिटं लागतील."

"तुम्ही ओळखता त्याला?"

"नाही."

"मग जाऊ कसा दिलात?"

खलफने चहाचा रिकामा ग्लास खुर्चीखाली ठेवला. "उस्ताज, चोर गल्लीत शिरला की आधी मला शोधतो. मी कुठे बसलोय, उठेन का, ते बघतो. तुमच्या पाहुण्याने मला बघितलंच नाही. त्याने तुमच्या बाल्कनीकडे बघितलं, परवानगी मागितल्यासारखं. अन् तिथे तुम्ही वही घेऊन उभे. चोरी होताना मालक वही घेऊन उभा राहतो का?"

लबीब खोक्यावर बसला. इतक्या साध्या चुकीसाठी खात्यात असताना त्याने हाताखालच्या माणसाला चांगलंच झापलं असतं.

"त्यातून तो दम्याचा माणूस," खलफ म्हणाला. "आणखी दोन मिनिटं त्या ब्रेकशी झटत बसला असता तर तुम्हाला त्याला दवाखान्यात न्यावं लागलं असतं. म्हणून उठलो."

"आधी येत होता तुम्ही. मग का थांबलात?"

"चार वेळा आलो पळत. गुडघा असा असून आलो. चौथ्या वेळेला वळून बघतो तर तुम्ही रसवाल्याच्या दुकानात उभे, माझ्याकडे बघून लिहिताय. मग म्हटलं, वाजू दे."

"मी सायरन तपासत होतो, अम्म खलफ."

खलफने त्याच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर लबीबला सोपं गेलं असतं, कारण रागावलेल्या दुकानदारांची त्याला सवय होती.

"सायरनपुढे काय लिहिलंत वहीत?"

"वाजला, एवढंच. तो दर वेळी वाजतो."

"मग बाकीचं पान कोणाचं आहे?" खलफने विचारलं. "माझंच ना? मग सांगून टाका, उस्ताज. माझं वजन किती भरलं?"

तेहतीस वर्षांत लोकांनी लबीबला चहा पाजला होता, शपथा घातल्या होत्या, शिव्याही दिल्या होत्या. असं सरळ कोणी विचारलं नव्हतं. आणि नियम तर त्याला पाठ होता, की ज्याचा तराजू त्याला निकाल समोरासमोर वाचून दाखवायचा. त्याने वही उघडली.

"पहिल्यांदा अकरा सेकंदांत आलात. दुसऱ्यांदा नऊ. मग चौदा. मग बारा."

"चौदा?" खलफने कपाळाला आठी घातली. "हां. तेव्हा डॉक्टरांची गाडी अर्धी ढकललेली होती. सोडली असती तर उतारावर गेली असती."

"ते मी लिहिलं नाही," लबीब म्हणाला. "ते मला दिसलं नाही."

वीस मिनिटं होत आली. कोपऱ्यावरून सायरनचा आवाज जवळ येऊ लागला आणि त्यामागून घामाने निथळलेला झकरिया प्रकटला. गाडी त्याने पहिल्याच दमात जागेवर लावली, अर्थात खलफने उठून हात दाखवला म्हणून. खाली उतरल्यावर त्याने पंप तोंडाला लावला आणि कॉर्निशला पोलिसाने आपल्याला पुढे जायला वाट करून दिली, हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. लबीबने रिमोट दाबून गाडी गप्प केली आणि झकरियाला अतियातकडे वर पाठवलं.

मग त्याने चावी खलफपुढे धरली.

खलफने हात पुढे केला नाही. "त्या कागदात काय लिहिलंय?"

"दुसऱ्या कोणाकडे देऊ नका म्हणून लिहिलंय."

"मग ठेवा तुमच्याकडेच. माझ्यापायी तुमची सवलत का जावी?" तो हे खोचकपणे म्हणाला नाही, आणि तेच लबीबला जास्त लागलं. "शनिवारी डॉक्टर नवा माणूस आणतील. तरणा आहे म्हणतात, त्याच्याकडे शिट्टीपण आहे. काय द्यायचं ते त्याला द्या."

"मी डॉक्टरांशी बोलतो."

"नका बोलू. तुम्ही बोललात की ते मला तुमच्या शब्दाखातर ठेवतील. बावीस वर्षं मी कोणाच्या शब्दाखातर उभा नाही राहिलो इथे."

त्या संध्याकाळी झकरियाची तंत्याची गाडी सुटल्यावर लबीबने विम्याच्या सवलतीचा अजून न भरलेला अर्ज काढला. हँडब्रेक कायम ओढलेला असतो का? त्याने लिहिलं, नाही. चावी फक्त मालकाकडे असते का? इथे त्याचं पेन बराच वेळ अडलं. चावी त्याच्याच खिशात होती, म्हणजे 'हो' हेच खरं उत्तर होतं. त्याने ते लिहिलं आणि लिहिताना त्याला फार वाईट वाटलं. सवलत जायला पहिलं 'नाही' पुरेसं होतं. अतियातने वाचून विचारलं, मग एवढे पैसे घालून बसवलेला सायरन? लबीबने अर्ज पाकिटात घातला.

शनिवारी तो सातला खाली उतरला. खलफ गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कोणाची तरी काच पुसत होता. लबीबने रिमोट दाबून सायरन बंद केला, म्हणजे गाडी हलवली तरी वाजायला नको. आत बसून गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि हँडब्रेक सोडला. गाडी किंचित हलली आणि थांबली. त्याने दार लावलं. खलफला हाक मारून सांगावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण या गल्लीत तसं कोणी कोणाला सांगत नाही. माणूस ब्रेक सोडतो आणि निघून जातो, एवढंच असतं. तीन आठवड्यांत खलफने या गाडीला ढकलायला हात लावला नव्हता. आज तो लावेल की नाही, हे आता त्याचं त्याला ठरवायचं होतं. आणि सांगून लावायला लावणं म्हणजे पुन्हा कागद पुढे करण्यासारखंच झालं असतं. लबीब मान खाली घालून वर आला.

साडेसातला डॉक्टर नशअत निघायचे. साडेसातला पाच मिनिटं कमी असताना लबीब सवयीने बाल्कनीच्या दाराशी गेला. तिथे उभं राहिलं की गल्लीचं तोंड, गाडी, खलफची खुर्ची, सगळं एका नजरेत येत होतं. त्याने दाराच्या कडीला हात घातला. मग तो मागे फिरला, स्वयंपाकघरात आला आणि टेबलाशी बाल्कनीकडे पाठ करून बसला.

खाली डॉक्टरांचा हॉर्न वाजला. एकदा, मग लांब, मग आणखी लांब. लबीबने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. रसवाल्याचं यंत्र सुरू झालं. कोणीतरी कोणाला तरी हाक मारली, नाव नीट कळलं नाही. हॉर्न पुन्हा वाजला आणि मध्येच थांबला. नंतर बराच वेळ खाली नेहमीचे आवाज होते, पेरूवाल्याचे, पोरांचे, कुठल्या तरी इंजिनाचे.

अतियात फूल, म्हणजे बाकल्याची गरम उसळ, आणि पाव घेऊन आली. तिने बाल्कनीच्या बंद दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"सरकवली का त्याने?"

"मी बघितलं नाही," लबीब म्हणाला.

अतियात एक पाऊल बाल्कनीकडे गेली आणि थांबली. मग तिने ताटल्या टेबलावर ठेवल्या, खुर्ची फिरवून घेतली आणि तीही त्याच्या शेजारी, बाल्कनीकडे पाठ करून, बसली.